सुपरवायझर जेवत नाही

सुमन,

तू गेल्याचा आज सव्विसावा दिवस. सुपरवायझर अजून जेवलेला नाही.

सकाळी साडेसातला सहा ग्रॅम गोळ्या टाकल्या, पंधरा मिनिटांनी तेवढ्याच काढल्या. जास्वंदीची चार पानं टाकली, चारही काढली. तो टबाच्या एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, मान अर्धी आत घेऊन बसलेला असतो. पाण्यात बोट घातलं तर डोळे उघडतो, बघतो आणि पुन्हा मिटतो. वजन सतराशे बेचाळीस ग्रॅम. तू गेलीस त्या आठवड्यात अठराशे पंधरा होतं.

शेवटच्या दिवसांत तू माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्यास. म्हणालीस, "त्याला वेळेवर घाला. आणि तुम्ही वेळेवर ताटावर बसा." दुसरी मी ऐकून सोडून दिली. पहिली मात्र मी शब्द दिल्यासारखी धरून ठेवली, कारण तुझ्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात तेवढंच उरलं होतं. तेही होत नाही. हे कासव माझ्या हातून गेलं तर तुझं शेवटचं सांगणंही मी राखलं नाही असं होईल. म्हणून लक्षात आल्यापासून मी जे जे करता येईल ते केलं. आज वापीला जाऊन आलो. तिथे जे कळलं त्याबद्दल तुलाच विचारायचं आहे, दुसऱ्या कोणाला विचारून उपयोग नाही. म्हणून लिहायला बसलो.

तुला आठवतं का, तो आपल्याकडे आला तेव्हा माझ्या तळहातावर मावत होता. माझ्याच खात्यातला एक जण नोकरी सोडून गावी निघाला होता आणि जाताना काचेच्या बरणीतलं हे कासव आपल्या ओट्यावर ठेवून गेला. कानाशी तांबडा पट्टा, हिरवी पाठ. मी म्हटलं, आठ दिवस ठेवू, मग कोणाला तरी देऊन टाकू. तू बरणी उचललीस, त्याने मान लांब करून तुझ्याकडे, मग माझ्याकडे, मग घराकडे एकदा नीट पाहिलं. तू म्हणालीस, "अगदी तुमच्या सुपरवायझरसारखा बघतो. काम काही नाही, नुसती नजर." त्या दिवसापासून त्याचं नाव तेच. अकरा वर्षं झाली.

आपल्या घरात अंडं शिजलं नव्हतं, मासळी तर लांबच. पण तू चौथीला शिकवायचीस, तुझ्या वर्गातल्या पोरांनी विचारलं की बाई, कासव काय खातं, आणि तू त्याचा छडा लावलास. लहानपणी यांना किडे, अळ्या, बारीक मासे असलं जास्त लागतं, अंग वाढायचं असतं. मोठं झालं की ते हळूहळू पानांकडे वळतात. तुझ्या या एका वाक्यासाठी आपल्या जिन्याखाली सुकटीचा डबा आला. त्या वासावरून मी महिनाभर भांडलो. तू शांतपणे सांगितलंस की पोर लहान आहे, मोठा झाला की आपोआप शाकाहारी होईल, तोवर तुम्ही नाकाला रुमाल लावा. आणि झालंही तसंच. चार-पाच वर्षांत सुकट आठवड्यातून एकदा, चिमूटभर. बाकी जास्वंद, माठ, गाजराचा कीस आणि तू सिमेंटच्या कुंडीत वाढवलेली ती पाण्यावर तरंगणारी, डाळीएवढ्या पानांची हिरवळ. पालक मात्र तू कधी घातला नाहीस, तो कवचाला वाईट म्हणायचीस.

मी सुताच्या कारखान्यात वजनं घेऊन पोट भरतो. सुताची ठरावीक लांबी काट्यावर ठेवायची आणि ते जाड आहे की बारीक ते सांगायचं, चोवीस वर्षं हेच काम. म्हणून घरीही मी वही घातली. दर रविवारी सुपरवायझरचं वजन, रोज त्याला टाकलेलं खाणं. पहिल्या महिन्यात मी तुला अभिमानाने वही दाखवली, की बघ, याने या महिन्यात एकशे ऐंशी ग्रॅम गोळ्या खाल्ल्या. तू टबाचं गढूळ पाणी दाखवलंस. तळाशी गोळ्यांचा लगदा बसला होता. तू म्हणालीस, "अहो, पाण्यात टाकलेलं सगळं पोटात जात नाही. टाकलेलं काय मोजता, उरलेलं मोजा."

मला ते पटलं. मी पद्धत बदलली. पंधरा मिनिटं थांबायचं, उरलेलं गाळणीने काढायचं, ते मोजायचं आणि वजाबाकी करायची. त्यानंतर वहीत कधी चूक झाली नाही. निदान आजपर्यंत मला तसं वाटत होतं.

दुधनीला गेलो होतो तेही आठवतं. कारखान्यातला निळा ड्रम उभा कापून केलेला टब त्याला अपुरा पडणार असा मी हिशेब काढला होता, आणि मधुबन धरणाच्या पाण्यात त्याला सोडून यायचं ठरवलं. तू बादली मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसलीस. काठावर एक नाववाला जाळं शिवत होता. त्याने विचारलं, काय आणलंय, मासा? तू म्हणालीस, सुपरवायझर. त्याने बादलीत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "ये आपला नाय. इधरचा कासव लाजतो, माणूस दिसला की खाली जातो. ये वर येऊन मागतो. ये इथं सोडला तर त्यांचं सगळं हाच खाणार." तू बादली उचललीस आणि म्हणालीस, चला घरी. मी वैतागलो. एवढे किलोमीटर आलो होतो. मी म्हटलं, "मग आपण तरी इथले कुठे आहोत? अमळनेरहून आलो, इथल्यांचंच खातो." तू स्कूटरवर बसत म्हणालीस, "म्हणूनच म्हणते, आपल्या घरात खावं. दुसऱ्याच्या तळ्यात उतरू नये." नाववाला हसला. त्या भांडणात तू बरोबर होतीस हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

मग तुझं दुखणं निघालं. जठराचं. सुरतेच्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी मला एक कागद दिला, त्यावर दिवसाला किती उष्मांक, किती प्रथिनं जायला हवीत ते लिहिलेलं होतं. सुमन, त्या सगळ्या बोलण्यातलं मला फक्त तेच कळलं. बाकी सगळं अंधारात होतं आणि त्या कागदावर आकडे होते. आकडा पुरा झाला की माणूस राहील, असं मी धरून चाललो.

मी त्याच वहीत तुझी पानं सुरू केली. डावीकडे तू, उजवीकडे सुपरवायझर. दोघांचं वजन रविवारीच, म्हणून सोयीचं होतं. मुगाची पेज बारा चमचे, मऊ खिचडी आठ चमचे, दोन अंड्यांचा पांढरा भाग. मी जन्मात पहिल्यांदा अंडं उकडलं, वेगळं पातेलं आणलं. तू वाटीकडे पाहून तोंड फिरवलंस. म्हणालीस, भूक नाही असं नाही हो, जागा नाही. मी तुला कागद दाखवला. तू म्हणालीस, माझे घास मोजू नका. मी मोजत राहिलो. चमचा तुझ्या ओठांना लावून धरायचो, तू ओठ मिटून भिंतीकडे वळायचीस, मी पलंगाला वळसा घालून त्या बाजूला यायचो.

आणि एक दिवस मी ते बोललो. तू एवढं खाल्ल्याशिवाय मी ताटाला हात लावणार नाही. रागाने बोललो नव्हतो, पण खरं बोललो होतो. दोन दिवस तू खाल्लं नाहीस आणि दोन दिवस मी जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "ठेवा इथे. सावकाश खाते. तुम्ही समोर बसलात की घास उतरत नाही. जा, आंघोळ करून या."

मी पहिल्या पाळीहून यायचो तीनला. चारला तुझी वाटी भरून ठेवायचो आणि न्हाणीत जायचो. वीस मिनिटांनी वाटी रिकामी. मला इतका आनंद व्हायचा. मी वहीत लिहायचो, बारा. दोन अंडी, पूर्ण. मग ताट वाढून तुझ्यासमोर जेवायला बसायचो आणि तू मला बघत राहायचीस. त्याच आठवड्यात तू म्हणालीस की सुपरवायझरचा टब आत पलंगाशेजारी आणून ठेवा, तेवढाच विरंगुळा. मी चार विटांवर टब बसवला, पलंगाच्या उंचीला आणला, खिडकीचं ऊन येईल असा. तुझा हात सहज पाण्यापर्यंत पोचायचा. तुला त्याच्याशी बोलताना मी न्हाणीतून ऐकायचो.

तुझी बहीण विमल शेवटचे अकरा आठवडे इथेच होती. तिने तुझं सगळं केलं. आपली लेक शीतल रजा मिळेल तशी नाशिकहून येत-जात होती. पण रोजचं विमलने केलं.

तू गेलीस. दहावा झाला, तेरावा झाला. विमल गेली, शीतल गेली. पलंग दुमडून ठेवला, टब पुन्हा मागच्या गॅलरीत नेला, काटाही तिथेच असतो म्हणून. आणि माझ्या लक्षात आलं की या सगळ्या गडबडीत कासव काही खात नाहीये. आधी वाटलं, पाणी गार आहे. थंडीत यांची भूक मंदावते हे तूच सांगितलं होतंस. बावीस अंश होतं. मी पाणी तापवायची काडी आणली, सत्तावीसवर नेलं. नाही. गोळ्या बदलल्या. नाही. शेवग्याचा पाला, गाजर, भोपळा. नाही. कुंडीतली तुझी हिरवळ पसाभर टाकली, दोन दिवस ती तशीच तरंगत राहिली. सुकट टाकली, सात वर्षांत पहिल्यांदा चिमटीहून जास्त. त्याने एकदा नाकपुडी हलवली आणि मान आत घेतली.

विसाव्या दिवशी मी मागच्या रिकाम्या प्लॉटवर कुदळ घेऊन गांडुळं खणली. मी, सुमन. सुकटीच्या वासाने रुमाल लावणारा. हाताने उचलून टबात सोडली. ती तळाशी वळवळत राहिली, तो बघतही नव्हता. शेजारच्या हसुमतीबेन कुंपणावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "भाई, रहेवा दो. एने बेननी याद आवे छे." म्हणजे त्यालाही तुझी आठवण येते. मी घरात येऊन दार लावलं आणि किती तरी वेळ ओट्याला धरून उभा राहिलो. मला राग आला होता की बरं वाटलं होतं ते सांगता येणार नाही. त्याला तुझं दुःख होतं, म्हणून तो खात नव्हता. आणि मी मात्र उभा होतो, चहा पीत होतो, कामावर जात होतो.

चोविसाव्या दिवशी मी त्याला बाहेर काढून मांडीवर घेतलं आणि चमच्याच्या दांड्याने तोंड उघडायचा प्रयत्न केला. त्याने फुस्स केलं, मान आत ओढली, पुढचे दोन्ही पाय तोंडासमोर घेतले. मी त्याला फिरवला, दुसऱ्या बाजूने चमचा लावला. आणि मग माझा हात थांबला. हा वळसा मी आधीही घातलेला होता. त्यातून पाण्याबाहेर त्याला गिळताच येत नाही, हे तू मला शंभर वेळा सांगितलं होतंस. यांना घास पाण्याखाली नेऊनच गिळावा लागतो. तोंड उघडलं असतं तरी काय झालं असतं? मी त्याला पाण्यात सोडलं. चमचा धुतला. तो तुझाच चमचा होता.

आज सकाळी त्याला बादलीत घालून वापीला घेऊन गेलो. आपल्याकडचे डॉक्टर गाई-म्हशींचे, त्यांनी हात जोडले. वापीला एक तरुण बाई आहेत, कुत्रे, पक्षी, असलं सगळं बघतात. त्यांनी त्याला उताणा केला, पायांच्या खोबणीत बोटं घातली, एक्स-रे काढला. मग म्हणाल्या, काका, ही मादी आहे. पोटात अंडी वगैरे नाहीत. आजारीही नाही.

अकरा वर्षं, सुमन. सुपरवायझरीण. मी हसलो, आणि मान वळवून बघितलं, तुला सांगायला. मागच्या खुर्चीवर एक माणूस मांजर घेऊन बसला होता.

बाई म्हणाल्या की उपासाने यांना इतक्यात काही होत नाही, महिना-महिना काढतात, आणि याच्या, म्हणजे हिच्या अंगावर तर भरपूर साठा आहे. ही फार लठ्ठ आहे. पाय आत घेतले की बाजूने चरबीच्या वळ्या येतात, दाखवल्या मला. काय घालता? मी वही पुढे केली. त्यांनी दहा मिनिटं ती वही वाचली. माझी वही एवढी मन लावून कोणी वाचली नव्हती. पानं मागे-पुढे केली, बोट ठेवून वजनं जुळवली. मग म्हणाल्या, "काका, तुमचं खाणं बरोबर लिहिलेलं असेल तर हे वजन चुकीचं आहे. आणि वजन बरोबर असेल तर खाणं चुकीचं लिहिलंय. हिला आणखी कोणीतरी घालत होतं. मऊ, भरपूर, आवडीचं. त्याची चटक लागली की पानं खात नाहीत मग."

मी म्हटलं, त्याला घालणारं घरात आणखी कोणी नव्हतं.

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. उजवं पान. वर्षभर सोळाशे चाळीस, पंधरा ग्रॅम इकडे-तिकडे. मग अकरा आठवड्यांत अठराशे पंधरा. आणि डावं पान. तेच अकरा आठवडे. एकोणपन्नास पूर्णांक दोन किलोवरून छत्तीस पूर्णांक चार.

दोन्ही पानं समोरासमोर. दोन्ही माझ्या अक्षरात. मी दर रविवारी ती लिहिली होती आणि पाहिली नव्हती. एकदा तर समासात मीच लिहून ठेवलंय, "पाणी प्यायलं असेल." टबाचं पाणी त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा बदलावं लागायचं. मी म्हणायचो, नळाचं पाणीच खराब येतंय. वास यायचा, मी म्हणायचो सुकटीचा डबा बाहेर फेका. कारखान्यात असा आकडा आला असता तर मी त्याच मिनिटाला मशीन बंद करायला लावलं असतं.

येताना दादऱ्याला तळ्याच्या बागेपाशी स्कूटर थांबवली. पुढे नेता येईना. बादली फुटपाथवर ठेवून विमलला फोन लावला. मी एवढंच विचारलं की तुझी ताई खायची का. ती रडायला लागली.

"भाऊजी, तिनी मला शपथ घातली होती. दोन चमचे कसेबसे पोटात जायचे, कधी तेही नाही. बाकी सगळं टबात. वाटी मी विसळून ठेवायची. अंडं तर तिनी एकदाही तोंडात घातलं नाही. तुकडे करून त्याला द्यायची, हातातून घ्यायचा तो, पलंगाच्या बाजूला येऊन बसायचा चार वाजले की."

मी विचारलं, का?

"तुम्ही जेवायचे नाही म्हणून. ती म्हणायची, हे सगळ्यांची वजनं करतात, यांचं कोण करतं? वाटी रिकामी दिसली की चार घास खातील, खाऊ दे."

बादलीत तो मान वर काढून माझ्याकडे बघत होता. ती. सवय जात नाही.

म्हणजे ती वाटी माझ्यासाठी रिकामी होत होती. मी तुझ्यासमोर बसून दोन-दोन पोळ्या खायचो आणि तू बघत राहायचीस, आणि मला वाटायचं की जेवल्यामुळे तुला बरं वाटतंय. तू स्वतः उपाशी राहून मला जेवायला घालत होतीस. ते कासव तुझं दुःख करत नव्हतं. ते चार वाजायची वाट बघत होतं, आणि मी त्याला पलंगाजवळून उचलून गॅलरीत भिंतीशी नेऊन ठेवलं.

आता माझा प्रश्न. तू नेमकं किती खाल्लंस? एवढंच मला सांग. चूक नोंद दुरुस्त केल्याशिवाय मला झोप येत नाही हे तुला माहीत आहे. मी घरी येऊन वही उघडली, लाल पेन घेतलं. डाव्या पानावरचे बारा खोडून किती लिहायचे? दोन? एक? कोणत्या दिवशी दोन आणि कोणत्या दिवशी काहीच नाही? विमलला आठवत नाही. सत्त्याहत्तर दिवसांचं तुझं खाणं मला माहीत नाही. मी तुझ्यापासून वीस पावलांवर डोक्यावर पाणी ओतत होतो. एकदा, एकदा जरी तू सांगितल्याप्रमाणे उरलेलं मोजलं असतं तर मला कळलं असतं. कळून मी काय केलं असतं ते मात्र सांगता येत नाही. कदाचित आणखी छळलं असतं. कदाचित चमचा खाली ठेवून नुसता तुझ्याजवळ बसलो असतो. त्या वीस-वीस मिनिटांची बेरीज केली आणि खोडली. सुमन, तेवढा वेळ मी तुझ्याजवळ बसू शकलो असतो.

मला तुझा राग येतो. हेही लिहितो, कारण तुझ्याशी खोटं आता कशाला. तू मला फसवलंस, माझ्याच वहीत, माझ्याच हातांनी. आणि मी तुझ्या जागी असतो तर मला हे सुचलंही नसतं, सुचलं असतं तरी जमलं नसतं. सकाळपासून मी या दोन वाक्यांमध्ये अडकलोय.

एकच घास मला पक्का ठाऊक आहे. शेवटच्या दुपारी तू स्वतः पाणी मागितलंस. मी चमचाभर पाणी तुझ्या ओठांशी नेलं, तू तोंड उघडलंस, आणि माझा दुसरा हात तुझ्या गळ्याशी होता. गळा हलला. हाताला कळलं. तो चमचा मी वहीत लिहिला नव्हता. त्या दिवशी वही उघडलीच नाही. सगळ्या नोंदींत तेवढी एकच खरी आहे आणि ती वहीत नाही.

वापीच्या बाईंनी सांगितलंय की अंडं द्यायचं नाही. कितीही मागितलं तरी नाही. पानं ठेवायची, पंधरा मिनिटांनी काढायची, भूक लागली की वळेल. कधी वळेल ते सांगता येत नाही. कदाचित आठ दिवस, कदाचित जास्त. नाहीच वळली तर पुन्हा घेऊन या म्हणाल्या. मला ते आठ दिवस कसे काढायचे ते कळत नाही. स्वयंपाकघरात, फ्रिजमध्ये, दोन अंडी अजून होती. मी तीनदा तिथे जाऊन आलो. एक तुकडा टाकला तर ती झडप घालेल, मला तिचं तोंड हललेलं दिसेल, आणि मी तुला सांगू शकेन की खाल्लं बरं का. मग लक्षात आलं की हे मी माझ्या समाधानासाठी करणार आहे. ती अंडी मी हसुमतीबेनच्या कामवालीला देऊन टाकली.

दुपारी पलंग पुन्हा उघडला. चार विटा आणल्या, टब होता तिथे, होता त्या उंचीला ठेवला. खिडकीचं ऊन त्याच बाजूने येतं. काटा कपाटात ठेवला आहे. रविवारी काढीन, रोज नाही. चार वाजता मी पलंगाच्या त्या कडेला, तुझ्या जागेवर बसलो आणि एक जास्वंदीचं पान पाण्यावर सोडलं. ती कोपऱ्यातून निघाली. सव्वीस दिवसांत पहिल्यांदा निघाली. माझ्या हाताखाली आली, मान लांब केली, हाताचा वास घेतला, पानाला नाक लावलं. खाल्लं नाही. पण भिंतीकडे परत गेली नाही, तिथेच थांबली. पंधरा मिनिटांनी मी पान काढलं. पूर्ण होतं.

मग मी ताट वाढून घेतलं. पोळ्या मीच लाटल्या होत्या, गोल नाहीत. ताट तुझ्या जागेवर मांडीवर घेतलं आणि ती टबातून मान वर काढून बघत असताना जेवलो. घास उतरत नव्हता. तू म्हणायचीस ते काय ते मला आज कळलं. प्रत्येक घासामागे पाणी प्यावं लागलं.

दीड पोळी खाल्ली. उरलेली अर्धी ताटातच आहे. टबात टाकलेली नाही.